तळ्याच्या काकू

उद्या पहाटे पाणी गोठणार असं हवामानाच्या बातमीत सांगितलं, की साउथहॅम्प्टनमधली बाकीची मराठी माणसं हीटिंग वाढवायला उठत आणि तळ्याच्या काकू कोट चढवून मागच्या दाराने बाहेर पळत. सत्तरी ओलांडलेली बाई, गुडघे कुरकुरणारे, पण शून्याखालचा आकडा ऐकला की पाहुणे स्टेशनवर उतरल्याचा फोन यावा तसा त्यांचा चेहरा फुलायचा. लगेच आमच्या घरी फोन. "सुहास, ऐकलंस का? उणे तीन! उणे तीन म्हणतायत! सकाळी ये लवकर, मजा आहे." आमचं शहर समुद्राकाठचं, इथे खरी थंडी क्वचित पडते. त्यामुळे पडली की काकूंना ती वाया घालवायची नसे.

आमच्या मंडळात काकू पुष्कळ होत्या. पुरणपोळीच्या काकू, भजनाच्या काकू, आणि नुसत्याच काकू. या घरामागे मासे पाळायच्या, म्हणून तळ्याच्या. उभी हयात त्यांनी इथल्या हॉस्पिटलात पेशंटना भूल देण्यात घालवली होती. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती, इथेच वाढलेली, मराठीची लिंगं हमखास चुकवणारी मुलगी तन्वी लंडनजवळ स्टॅनमोरला असायची. रिटायर झाल्यावर हात रिकामे राहवेनात म्हणून काकूंनी मागच्या गार्डनमध्ये तळं खणून घेतलं. तळं म्हणजे दोन पलंग शेजारी शेजारी ठेवावेत एवढं. कडेने उथळ, आणि मधोमध त्यांच्या मांडीपर्यंत पाणी येईल असा एक खड्डा. आत काळ्या रबराचं अस्तर, वर बगळ्यासाठी जाळं, आणि पाण्यात केशरी, पिवळे, ठिपकेवाले गोल्डफिश. त्यांच्यात एक फार जुना होता. त्याचा केशरी रंग वयाबरोबर उडून गेला होता, म्हणून तो पांढऱ्या. बाकीच्यांना नावं नव्हती. बाकीचे सगळे 'पेशंट'.

मी बंदरावर कंटेनरच्या आखणीचं काम करतो. मूळचा सोलापूरचा, त्यामुळे पाणी गोठतं हे मला शाळेच्या पुस्तकातूनच ठाऊक. त्यांच्या शेजारी राहायला आलो त्या पहिल्या हिवाळ्यात, मी कुंपणावरून माशांना चपातीचे तुकडे टाकले. दुसऱ्या दिवशी बघतो तर सगळे मासे तळाशी निश्चल. माझा स्वभावच असा आहे, की गल्लीत कुणाची काच फुटली तरी आधी मला वाटतं, आपलाच काहीतरी हात असणार. मी बेल वाजवली आणि दारातच सांगून टाकलं, "काकू, मी तुमचे मासे मारले." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग मनगटाला धरून मला तळ्याशी नेलं, टॉर्च लावला आणि म्हणाल्या, "त्या ठिपकेवाल्याच्या गालाकडे बघ. बघत राहा." बराच वेळ काही नाही. मग कल्ला किंचित उघडला, मिटला. "दिसलं? मेले नाहीत, झोपलेत. आणि थंडीत त्यांना खायला घालायचं नसतं. पोट बंद असतं त्यांचं. तुझी चपाती मी काढली मघाशीच." मग हसून, "आत ये. तुझा चेहरा बघून मलाच चहाची गरज वाटायला लागलीय."

कल्ला बघणं ही त्यांची हिवाळ्यातली रोजची पूजा होती. सकाळी पांढऱ्या केसांवर लोकरीची टोपी, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हाताच्या मनगटावर जुनं सेकंदकाट्याचं घड्याळ. ओणवं होऊन त्या कल्ल्यांची उघडझाप मोजत बसायच्या. मी एकदा म्हणालो, "काकू, आता तरी विश्रांती घ्या, आयुष्यभर हेच केलंत." तर म्हणाल्या, "झोपवणं हे काम नव्हतंच रे. औषध दिलं की कोणीही झोपतं. तो झोपलेला असताना शेजारी बसणं, ते काम." हे वाक्य मी नंतर माझ्या मुलीच्या तापात, माझ्या बायकोच्या, मेघनाच्या ऑपरेशनच्या वेळी आणि कुठे कुठे वापरलंय, ते त्यांना कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

बर्फावर काहीही आपटलेलं त्यांना खपत नसे. सगळं तळं गोठलं तर माशांच्या श्वासातला आणि कुजलेल्या पानांतला वायू आत कोंडतो, त्यामुळे एक तरी भोक उघडं ठेवावं लागतं. पण ते फोडून नाही. "तू झोपलास आणि तुझ्या उशाशी कुणी घणाने भिंत फोडली तर? पाण्यातून तो दणका थेट अंगात शिरतो त्यांच्या." मग त्या पातेल्यात पाणी उकळायच्या, पातेल्याच्या कडीला सुतळी बांधायच्या आणि ते गरम पातेलं बर्फावर अलगद ठेवून सुतळी हातात धरून उभ्या राहायच्या. पातेलं चर्र करत खाली खाली जायचं, कडेने पाणी डोकावायचं, आणि मग एक सुबक गोल भोक. त्या क्षणी त्या दरवेळी म्हणायच्या, "बघ, कसं उघडलं! अजिबात त्रास न देता!" इतक्या वर्षांत त्यांच्या आवाजातलं आश्चर्य कधी कमी झालं नाही.

गणपतीचंही त्यांनीच सुरू केलं. आमच्या इथल्या पहिल्या भाद्रपदात मला बादली घेऊन बसलेलं त्यांनी कुंपणावरून पाहिलं. "बादलीत बाप्पा? माझं तळं काय शोभेला ठेवलंय?" पुढच्या वर्षी आणखी दोन घरं आली, त्यापुढच्या वर्षी अर्धं मंडळ. काकूंचे नियम कडक. मूर्ती शाडूचीच, रंग लावलेली नको. दारातच त्या ओला अंगठा मूर्तीच्या पाटाजवळ फिरवून माती सुटते की नाही ते बघायच्या. फुलं, दूर्वा, अक्षता काही आत जायचं नाही. मासे आधी जाळीने कडेला सारायचे आणि मधल्या खड्ड्यावर, जिथे पाणी खोल, तिथे बाप्पा हळूच सोडायचा. दोन दिवस पाणी गढूळ, मग पुन्हा नितळ. सगळे म्हणायचे, काय छान सोय आहे, शाडू कसा विरघळून जातो! विरघळून जातो म्हणजे कुठे जातो, हे आमच्यातल्या एकाही डॉक्टरला किंवा इंजिनिअरला सुचलं नाही.

ते कळलं गेल्याच्या गेल्या नोव्हेंबरात. त्या वर्षी काकूंचं स्टॅनमोरला तन्वीकडे जायचं ठरलं होतं. गुडघ्यांनी निकाल दिला होता, घरही विकलं गेलं होतं. अट एकच होती, मासे वसंतात जागे झाले की मगच त्या निघणार. जागे झाले की ते माझ्याकडे यायचे होते, आमच्या अंगणात नवा खड्डा खणायचा होता. तन्वीने फोनवर पुष्कळ वाद घातला. "आई, फिश आहेत ते, बाळं नाहीत." काकू म्हणाल्या, "मध्येच डॉक्टर बदलायचा नसतो. हा हिवाळा माझा."

तळ्याचं पाणी खेळतं ठेवणारा पंप तळापासून वर उचलून ठेवायचा तो दिवस. खालचं पाणी ढवळलं जाऊ नये म्हणून हिवाळ्यात पंप एका उलट्या क्रेटवर ठेवायचा असतो. मी क्रेट खड्ड्यात सोडला, तर तो पाण्याच्या वर डोकं काढून उभा. काकू म्हणाल्या, पाणी कमी झालं असेल, होज लाव. पाणी काठावरून वाहायला लागलं तरी क्रेट आपला बाहेरच. मग मी बाही वर करून हात घातला. जिथे दंडापर्यंत जायचा तिथे कोपर बुडायच्या आतच बोटांना काहीतरी मऊ, थंड लागलं. मूठ वर काढली. राखाडी, लोण्यासारखी माती. आम्ही दोघांनी ती ओळखली. इतक्या वर्षांचे सगळ्यांचे बाप्पा घरंगळत त्याच खड्ड्यात जाऊन बसले होते, वर पानांचा गाळ, आणि मासे ज्या खोलीच्या भरवशावर झोपायचे ती खोली जवळजवळ उरलीच नव्हती.

"थांब," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज मी आजवर ऐकलेला नव्हता, बहुधा ऑपरेशन थिएटरमधला. "आता उपसायचं नाही. थंडी आलीय, ते झोपलेत. ढवळलं तर सगळी माती कल्ल्यांत जाईल." पाणी वरून गोठत खाली येतं, तळाशी थोडी ऊब टिकते, तेवढी माशांना पुरते. पण तळच वर आला असेल, तर मोठ्या थंडीत बर्फ थेट त्यांच्या पाठीला भिडणार. मी तिथेच ओल्या हाताने उभा राहून म्हणालो, "काकू, सुरुवात माझ्या गणपतीने झाली." त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "तुझा गणपती केवढा होता, सुहास? एवढासा. एवढ्याशा गणपतीवर एवढा मोठा अपराध चढवू नकोस. हात धू, आणि सगळ्यांना फोन लाव."

मंडळाच्या ग्रुपवर त्या दिवशी जो गोंधळ उडाला तो दिवाळी पहाटच्या वेळीही उडाला नव्हता. ज्यांनी ज्यांनी तिथे बाप्पा सोडला होता ते सगळे आले. मी बंदरावरून खोक्यांतल्या थर्माकोलच्या लाद्या आणल्या. कुणी जुन्या ग्रीनहाउसच्या काचा. खड्डा खाली वाढवता येत नाही, तर वरून पांघरूण घालायचं, असं काकूंचं म्हणणं. अर्ध्या तळ्यावर थर्माकोल, त्यावर काच, आणि एक कोपरा उघडा, भोकासाठी. भोकाला सकाळ-संध्याकाळ पातेलं. काकूंनी हॉस्पिटलसारख्या पाळ्या लावून दिल्या. माणसं उशिरा आली की "पेशंटचे नातेवाईक असं वागतात का?" म्हणून ऐकून घ्यायची.

जानेवारीत ती थंडी आली. रोज रात्री उणे, दिवसाही बर्फ सुटेना, सलग. सोमवारी तळं पुरतं गोठलं, थर्माकोलखालीसुद्धा; पातेल्याने पाडलेलं भोक तासाभरात पुन्हा मिटायचं. शनिवारी सकाळी मी गेलो तर काकूंचं गार्डन जत्रेसारखं भरलं होतं. ज्याने त्याने घरातलं मोठ्यात मोठं पातेलं आणलेलं. मंडळाचं मसालेभाताचं पातेलंसुद्धा होतं, त्याला ओढायला दोघं. बर्फावर पाच-सहा पातेली एका वेळी वाफाळत होती, प्रत्येकाच्या सुतळीचं टोक कुणाच्या ना कुणाच्या हातात, आणि मधे काकू, टोपी तिरकी झालेली, गाल लाल, ओरडत होत्या, "हलवू नका! आपोआप उतरू दे! मेघना, तुझं उतरतंय बघ, शाब्बास!" मेघना हातमोज्यांत सुतळी गुंडाळून पतंग उडवावा तशी मागे झुकली होती. एरवी पार्टीलासुद्धा नको म्हणणारी माझी बायको. मला इतका आनंद झाला, की आपण कशाच्या काळजीने इथे जमलोय याचा विसर पडला आणि लगेच त्याचं वाईट वाटलं.

तेवढ्यात सर्जनकाका आले. काकूंबरोबर त्यांनी वर्षानुवर्षं एकाच थिएटरात काम केलं होतं, आणि भांडणही तेवढंच जुनं. त्यांच्या हातात चक्क हातोडा.

"डॉक्टरीणबाई, बाजूला व्हा. एका घावात मोकळं करतो."

"ठेवा तो खाली! आयुष्यभर तुम्हाला कापायची घाई. जागं मला करायला लागायचं."

"अहो, तुमच्या पातेल्याने भोक पडेपर्यंत मार्च येईल."

"येऊ दे. मार्चचीच वाट बघतोय आम्ही."

सर्जनकाकांनी हातोडा ठेवला आणि कुणाचं तरी उकळतं पातेलं उचलून बर्फावर ओतायला निघाले. काकू किंचाळल्या, "अहो! उकडून खायचेत का?" सगळं गार्डन हसायला लागलं. काकांनी पातेलं खाली ठेवलं, मुकाट्याने कडीला सुतळी बांधली, आणि पुढचा तासभर ते थंडीत एका हातात सुतळी धरून, दुसरा हात खिशात घालून, ऑपरेशन चालू असावं इतके गंभीर उभे राहिले.

तन्वी त्याच दिवशी स्टॅनमोरहून आली. गेटमधून ते दृश्य बघून तिथेच थबकली. "आई, ही सगळी लोक काय करतायत? तू पूर्ण वेडा आहेस!" काकू म्हणाल्या, "सुतळी धर." तिने धरली. थोड्या वेळाने तिच्या पातेल्याखाली भोक पडलं, आणि ही बँकेत काम करणारी, दिवसभर मीटिंगांत बोलणारी मुलगी "ओ माय गॉड, उघडली! आई, ते उघडली!" म्हणत उड्या मारायला लागली. काकूंनी ओणवं होऊन भोकातून टॉर्च टाकला. फक्त पातेल्यांची वाफ. मग काकूंनी मान न वळवता हाताने खूण केली, एक बोट वर. एक कल्ला हलला होता. आम्ही टाळ्या वाजवणार तर त्यांनी तेच बोट ओठांवर ठेवलं. झोपलेत ना ते.

ती थंडी गेली, आणि मग जो काळ आला तो मला नीट सांगता येत नाही. मासे जगलेत का हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पाणी गढूळ होतं, खालचं काही दिसत नव्हतं. सर्जनकाका म्हणाले, काठीने हळूच टोचून बघा. काकूंनी ऐकलं नाही. "आपल्याला कळावं म्हणून त्यांना उठवायचं? ते उठतील तेव्हा कळेल." मी रोज कामावर जाताना कुंपणावरून डोकवायचो. आणि खरं सांगायचं तर, एखाद्या सकाळी मला वाटायचं, थोडे उशिरा उठले तर बरं. उठले की काकू जाणार. मग दिवसभर बंदरावर क्रेनकडे बघताना वाटत राहायचं, की माझ्या या वाटण्यानेच खाली एखादा मासा मरत असेल.

मार्चच्या मध्यावर ऊन पडलं, खरंखुरं. दुपारी काकूंचा फोन, नुसती किंकाळी. मी कुंपणावरून उडी मारून गेलो, या वयात, पँट फाटली. पाण्यात एक केशरी रेघ सरकली. मग दुसरी. ठिपकेवाला वर आला, तोंड उघडून मिटून पुन्हा खाली गेला. काकू माझ्या दंडाला घट्ट धरून पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "श्वास बघ! अरे, श्वास बघ कसा चाललाय!" आठवड्याभरात एकेक करून सगळे वर आले. पांढऱ्या सोडून.

काकूंनी जायचा दिवस एकदा पुढे ढकलला, मग दुसऱ्यांदा ढकलला नाही. निघायच्या सकाळी सगळं मंडळ दारात. डबे, पिशव्या, मिठ्या, रडणं. काकू प्रत्येकाच्या गालावरून हात फिरवत होत्या. सर्जनकाकांनी हात पुढे केला, त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, आणि दोघांनाही भांडायला काही सुचेना. माझ्याजवळ आल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "पांढऱ्या म्हातारा होता. झोपेत गेला असेल. वाईट नाही तसं जाणं. आणि तू स्वतःला काही लावून घेऊ नकोस." मी मान हलवली. गाडी गेली. माणसं पांगली.

मी एकटाच मागे गेलो. आमचा खड्डा अजून खणून व्हायचा होता, मासे इथेच होते; जाळं नीट करायचं होतं, एवढंच. ऊन तिरकं पाण्यात शिरलं होतं. शाडूच्या त्या राखाडी तळावरून काहीतरी सुटं झालं. मला आधी वाटलं मातीचाच तुकडा. मग त्याला शेपटी दिसली. पांढऱ्या माझ्या डोळ्यांदेखत इतक्या सावकाश वर आला, की तो पृष्ठभागाला टेकेपर्यंत मी श्वास घेतला नाही. खिशातून फोन काढताना तो पाण्यात पडता पडता वाचला.

तन्वीने गाडीत फोन स्पीकरवर घेतला. मी काय बोललो आठवत नाही, बहुतेक नुसतंच "काकू! काकू! आला!" पलीकडून काकूंचा आवाज, थिएटरमधला. "गाडी फिरव."

"आई, मोटरवे आहे हा! विंचेस्टरच्या पुढे आलोय! इथे वळता नाही येत!"

"पुढच्या एक्झिटला घे आणि फिरव!"

मी सगळ्यांना फोन केले. काकूंची गाडी परत आली तेव्हा निम्मं मंडळ पुन्हा दारात उभं होतं, सर्जनकाका घरातल्या सपातांवर धावत आले होते. काकू गाडी थांबायच्या आत दार उघडून उतरल्या. आमच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. कुरकुरत्या गुडघ्यांनी त्या सरळ मागे गेल्या, ओल्या गवतात बसल्या, मनगटावरचं घड्याळ पुढे धरलं आणि ओठांत काहीतरी मोजत राहिल्या. आम्ही मागे उभे होतो. कुणी जवळ गेलं नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी हात पुढे केला, तन्वीने त्यांना उठवलं, आणि त्या तशाच, गुडघ्यांवर ओल्या मातीचे दोन गोल घेऊन, आमच्यामधून चालत गाडीत जाऊन बसल्या. त्या दुसऱ्या वेळी त्यांनी आमच्यापैकी कुणाचाही निरोप घेतला नाही. काच खाली होती. गाडी वळेपर्यंत त्यांचं हसू दिसत होतं.